अमेरिकेतून दोन-तीन वर्षांसाठी इंग्लंडला: मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, बे एरिया, टेक्सास, शिकागो, कुठून ना कुठून दर महिन्याला कोणीतरी विचारतंच: "कंपनी लंडनला पाठवतेय, काय काय बघायला हवं?" तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. अमेरिकन पासपोर्टवाले, ग्रीन कार्डवाले आणि एकाच घरात दोन्ही असलेले, अशा तिघांचाही विचार केला आहे. आमचं मत आधीच सांगतो. इंग्लंडचा त्रास पहिल्या तीन महिन्यांत संपतो. अमेरिकेत मागे ठेवून आलेल्या गोष्टी मात्र शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. त्यामुळे घाईत असाल तर आधी प्रश्न ५, १८ आणि २० वाचा.

१. अमेरिकन पासपोर्ट आहे. तरी व्हिसा लागतो का?

फिरायला यायचं असेल तर सहा महिन्यांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण ८ जानेवारी २०२५ पासून निघण्याआधी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. राहायचं, नोकरी करायची, मुलं शाळेत घालायची म्हटलं की व्हिसा आलाच. कंपनीची बदली असेल तर साधारण दोन वाटा असतात: ग्लोबल बिझनेस मोबिलिटी किंवा स्किल्ड वर्कर. पहिल्या वाटेने कितीही वर्षं काढली तरी इंग्लंडमध्ये कायमचं राहण्याचा हक्क मिळत नाही, दुसरीने मिळू शकतो. "आम्ही तर दोनच वर्षं जाणार" म्हणणारी बरीच मंडळी पुढे मुक्काम वाढवतात, म्हणून एचआरला हा प्रश्न सही करण्याआधी विचारा.

व्हिसाच्या फीशिवाय हेल्थ सरचार्ज भरावा लागतो: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराच्या आतल्या मुलांना ७७६. तोही सगळ्या वर्षांचा एकदम, आगाऊ. चौघांच्या कुटुंबाला तीन वर्षांचा आकडा मांडून बघा आणि तो कंपनी देते का ते पत्रात लिहून घ्या.

आता व्हिसाचं प्लॅस्टिकचं कार्ड मिळत नाही, सगळं ई-व्हिसावर चालतं. मधेच पासपोर्ट बदलला तर नवा नंबर त्या खात्यात लगेच घाला, नाहीतर परतीच्या विमानाच्या काउंटरवर अडाल.

२. घरातलं काय आणावं, काय ठेवून यावं?

मोटर किंवा हीटिंग कॉइल असलेलं अमेरिकन काहीही आणू नका. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. इन्स्टंट पॉट, हेअर ड्रायर, टोस्टर, ११० व्होल्टचा मिक्सर हे सगळं नुसत्या अडॅप्टरवर लावलं तर जळेल. त्यांच्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर विकत घेण्यापेक्षा नवी वस्तू घेणं स्वस्त पडतं. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० लिहिलेलं असतं, ते चालतात.

गंमत अशी की भारतातून आणलेला आणि अमेरिकेत माळ्यावर पडून राहिलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे सुखाने चालतो, फक्त प्लग बदलायचा. इथल्या तीन चौकोनी पिनांच्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो. एखादी वस्तू अचानक बंद पडली तर फेकण्याआधी तो बघा. सॉकेटला स्वतःचं बटण असतं, हे भारतात वाढलेल्यांना सांगायला नको. पण अमेरिकेत जन्मलेली मुलं रात्रभर बंद सॉकेटला फोन लावून ठेवतात.

सामान जहाजाने पाठवणार असाल तर ते निघण्याआधी ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची सवलत मागा. किमान सहा महिने वापरलेल्या घरगुती वस्तूंवर मग कर लागत नाही. किंग साइज गादी आणि अमेरिकन सोफा मात्र तिकडेच राहू द्या. इथल्या जिन्यांतून ते वळत नाहीत.

३. घर भाड्याने मिळायला इतका त्रास का होतो?

कारण तुमचा अमेरिकेतला ८०० चा क्रेडिट स्कोअर इथे कोणी विचारत नाही. इथल्या खात्यात तुमचं पान कोरं असतं. पूर्वी घरमालक अशा भाडेकरूकडून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत. नव्या कायद्यानुसार १ मे २०२६ पासून एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं घेता येत नाही. ऐकायला छान, पण त्यामुळे घरमालक आता इथला जामीनदार आणि कंपनीचं पगारपत्र यांवर जास्त अडून बसतात. कंपनीने जामीन राहण्याची तयारी दाखवली तर अर्धं काम झालं.

डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही (वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर) आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. त्याची पावती मागून घ्या. इंग्लंडमध्ये घरमालकाला तुमचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो. त्यासाठी ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढून द्यायचा.

घर बघताना अमेरिकन सवयीने कपाटं, ड्रायर, एसी शोधू नका. वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात असतं, बाथरूममध्ये शेव्हरशिवाय सॉकेट नसतं, दिवा दोरी ओढून लागतो. खिडकीला जाळी नसते. त्याऐवजी दोन गोष्टी नीट बघा: भिंतींच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आहेत का, आणि चुलीवरच्या पंख्याची हवा बाहेर जाते की फिरून स्वयंपाकघरातच येते. दुसरा प्रकार असेल तर हिंग-मोहरीची फोडणी आणि धुराचा अलार्म यांचं रोजचं भांडण ठरलेलं.

४. बँकेत पत्ता मागतात, घरासाठी बँक खातं मागतात. मग सुरुवात कुठून करायची?

मोन्झो, स्टार्लिंग अशा ॲपवाल्या बँकांपासून. पासपोर्ट आणि कुठलातरी इथला पत्ता यावर त्यांचं खातं बहुधा लवकर उघडतं. जुन्या मोठ्या बँकेत नंतर जा. अमेरिकन नागरिक आहात हे कुठल्याही बँकेत लपवू नका. अमेरिकेच्या फॅटका कायद्यामुळे त्यांना ते विचारावंच लागतं आणि पुढे ते अमेरिकेला कळतंच.

चेकबुक विसरा. पैसे सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खाते क्रमांकावर पाठवायचे, ते बहुधा लगेच पोचतात. बिलं डायरेक्ट डेबिटने भरा. चुकीची रक्कम कापली गेली तर बँक ती परत देते. दुकानातल्या किमतीत व्हॅट धरलेला असतो, म्हणजे पाटीवर १० पौंड तर काउंटरवरही १० च. हॉटेलच्या बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच घातलेला असेल तर वर टिप ठेवायची गरज नाही.

५. अमेरिकन फोन नंबर बंद केला तर चालेल?

नाही. अमेरिकन बँका, ब्रोकर, ४०१-के, सगळे त्याच नंबरवर ओटीपी पाठवतात, आणि बऱ्याच जणांना परदेशी नंबर चालत नाही. निघण्याआधी नंबर एखाद्या अगदी स्वस्त प्लॅनवर हलवा आणि तो वाय-फाय कॉलिंगवर इथे चालतो का ते तिथे असतानाच तपासा. काही बँका गुगल व्हॉइससारख्या इंटरनेट नंबरवर ओटीपी पाठवत नाहीत, म्हणून त्या एकावर विसंबू नका. जमेल तिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा. पत्त्याचंही तसंच: टपाल घेणारं विश्वासाचं कोणीतरी तिकडे हवं, कारण राज्याचं कर खातं आणि डीएमव्ही अजून कागदच पाठवतात.

६. कौन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा कर) भाडेकरूने भरायचा? भाड्यात नसतो?

भाडेकरूनेच भरायचा, आणि भाड्यात नसतो. घर ए ते एच यांपैकी कुठल्या बँडमध्ये आहे त्यावर रक्कम ठरते. हे बँड १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची किंमत काय असती यावर बेतलेले आहेत. मागच्या वर्षी बांधलेल्या घरालाही १९९१ चीच किंमत लावतात! साधारणपणे एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते येतात. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट मिळते. बरेचदा नवरा किंवा बायको आधी एकटी येते आणि कुटुंब शाळा संपल्यावर येतं, तेव्हा तेवढ्या महिन्यांची सूट मागायला विसरू नका. ती आपोआप मिळत नाही.

७. टीव्ही लायसन्स ही खरंच काही भानगड आहे की फसवणूक?

खरी आहे. कुठल्याही चॅनलवर चालू प्रसारण बघायचं किंवा बीबीसी आयप्लेअर वापरायचा तर लायसन्स लागतं, मग ते लॅपटॉपवर का असेना. एप्रिल २०२५ पासून ते वर्षाला १७४.५० पौंड होतं, आणि एप्रिलमध्ये ते बदलू शकतं. फक्त नेटफ्लिक्सवरच्या मालिका आणि जुने सिनेमे बघत असाल तर लागत नाही. तसं ऑनलाइन कळवून टाका, म्हणजे लाल अक्षरांतली पत्रं येणं थांबेल.

८. एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) म्हणजे सगळं फुकट? आणि डॉक्टर मिळतो का?

हेल्थ सरचार्ज भरलात (प्रश्न १), म्हणजे फुकट नव्हे, आगाऊ पैसे दिलेले. पण दवाखान्यातून बाहेर पडताना हातात बिल पडत नाही, कोपे नाही, "इन-नेटवर्क" नाही. या एका गोष्टीची सवय व्हायला अमेरिकेतून आलेल्यांना वेळ लागतो.

पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा नसेल तर नोंदणी नाकारता येत नाही, रिसेप्शनवर काहीही सांगोत. त्वचेसाठी, हाडांसाठी थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही. आधी जीपी, मग त्यांची चिठ्ठी, मग वाट बघणं. ही वाट महिन्यांची असू शकते. अपॉइंटमेंटसाठी अनेक ठिकाणी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावावा लागतो. कंपनी खासगी विमा देत असेल तर घ्या, तज्ज्ञासाठी तो उपयोगी पडतो.

रात्री मुलाला ताप आला आणि काय करावं कळत नाही, तर १११. जिवावरचं असेल तर ९९९. घसा, कान, सायनस अशा सात तक्रारींवर औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून गरजेप्रमाणे औषध देऊ शकतो, हे फार लोकांना माहीत नसतं. दातांचं मात्र वाईट आहे: एनएचएसचा दंतवैद्य नवीन पेशंट घेईल याची खात्री नाही. मोठी कामं तिकडूनच उरकून या.

९. रोजची औषधं इथे मिळतात का?

बहुतेक मिळतात, नावं वेगळी. टायलेनॉल म्हणजे इथलं पॅरासिटामॉल, म्हणजेच आपलं क्रोसिन. सुपरमार्केटमध्ये १६ गोळ्यांचं पाकीट मिळतं आणि एका वेळी दोनच देतात. चार अडचणी लक्षात ठेवा. मेलाटोनिन इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. बेनाड्रिल नावाच्या गोळीत इथे अमेरिकेतलं औषध नसतं, त्यामुळे डबीवरचं घटकाचं नाव वाचा. अ‍ॅडरॉलला (एडीएचडीच्या औषधाला) इथे मान्यताच नाही. मुलाचं ते चालू असेल तर पर्यायाचं बोलणं निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांशी करा. आणि चौथं, कोस्टकोची ५०० गोळ्यांची बाटली इथे कुठेच दिसणार नाही.

चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला इंग्लंडमध्ये ९.९० पौंड पडतात, मग ते दोन पौंडांचं असो की दोनशेचं. सोळाच्या आतली मुलं, साठीच्या पुढचे आणि सवलतीचं प्रमाणपत्र काढलेल्या गरोदर बायकांना तेही नाही.

१०. हीटिंग बंद पडलं, नळाला गार पाणी. कोणाला बोलावू?

बोलावण्याआधी बॉयलरसमोर उभे राहा. बहुतेक घरांत कॉम्बी बॉयलर असतो, स्वयंपाकघरातल्या कपाटात लपवलेला. त्याच्या तोंडावर छोटा गोल गेज असतो. काटा १ च्या खाली उतरला असेल तर दाब कमी झालाय, एवढंच. बॉयलर बंद करून गार होऊ द्या. खालच्या बाजूला वेणीसारखी विणलेली चंदेरी नळी आणि तिच्याजवळ एक-दोन छोट्या चाव्या दिसतील. त्या हळूच फिरवल्या की पाणी शिरल्याचा सूंऽऽ आवाज येतो आणि काटा चढायला लागतो. १ आणि १.५ च्या मध्ये आला की चाव्या घट्ट बंद करा आणि बॉयलर चालू करा. पहिल्या वेळी घरमालकाला व्हिडिओ कॉलवर घेऊन करा. काटा दर आठवड्याला उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, मग दुरुस्ती त्यांच्याकडे. गॅसचा वास आला तर मात्र कशालाही हात न लावता बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

ड्रायर नसल्यामुळे कपडे घरात वाळतात, ती वाफ भिंतीत जाते आणि बुरशी धरते. कितीही थंडी असो, रोज थोडा वेळ खिडक्या उघडाच. राहायला आलात त्या दिवशी वीज आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढून ठेवा.

११. हवा खरंच इतकी वाईट असते?

पावसाचं नाव उगाच बदनाम आहे. आपल्याला पाऊस नवा नाही, आणि इथला तर पाऊस म्हणावा असाही नसतो. छळतो तो अंधार. अमेरिकेच्या अलास्का सोडून सगळ्या राज्यांपेक्षा लंडन उत्तरेला आहे. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, मुलं शाळेतून येतात ती काळोखात. जूनमध्ये उलट: रात्री नऊला उजेड आणि मुलं झोपायला तयार नाहीत. जाड पडदे घ्या, आणि हिवाळ्यात व्हिटॅमिन डी घ्या. ते तर एनएचएसही सांगतं.

आई-बाबांना फोन करायचं गणितही बदलतं. भारत हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क पाच तास मागे. पण घड्याळं बदलायचे रविवार दोन्ही देशांत वेगवेगळे आहेत. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा हा फरक चारच तासांचा होतो. त्या दिवसांत ऑफिसच्या मीटिंगा हमखास चुकतात.

१२. अमेरिकन लायसन्सवर गाडी चालवता येते का?

राहायला आल्यापासून १२ महिने येते. नंतर नाही. आणि अमेरिकन लायसन्स इथल्याशी बदलून मिळत नाही, वीस वर्षं गाडी चालवलेली असली तरी. भारतीय लायसन्सचंही तेच. प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स काढा, लेखी परीक्षा द्या, मग रस्त्यावरची. तारखांची रांग मोठी असते, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुरू करा. वर्ष उलटलं आणि परीक्षा राहिली तर शेजारी इथला लायसन्सवाला बसवून, एल पाटी लावून फिरावं लागतं. ऑटोमॅटिक गाडीवर पास झालात तर लायसन्स ऑटोमॅटिकचंच मिळतं. आपल्याला तेवढं पुरतं.

डाव्या बाजूची सवय दोन दिवसांत होते. गडबड होते ती तीन ठिकाणी. लाल दिव्यावर थांबून वळायची अमेरिकन मुभा इथे अजिबात नाही, डावीकडेही नाही. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ म्हणजे "वेगमर्यादा संपली" नव्हे. साध्या रस्त्यावर ६० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७० असा त्याचा अर्थ.

मध्य लंडनात गाडी नेलीत तर कंजेशन चार्ज दिवसाला १८ पौंड (जानेवारी २०२६ पासून). गाडी जुनी असेल तर शहरभर लागू असलेल्या यूलेझ या प्रदूषण शुल्काचे १२.५० वेगळे.

१३. मग ट्रेननेच फिरावं का?

लंडनमध्ये हो. कार्ड टॅप करून आत, टॅप करून बाहेर, दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागते. फक्त जाताना फोन आणि येताना कार्ड असं करू नका. खातं एक असलं तरी यंत्र त्यांना दोन माणसं समजतं आणि दोन्ही फेऱ्या अपुऱ्या धरून जास्त पैसे कापतं. लांबच्या गाडीचं तिकीट आयत्या वेळी काढलं तर महाग, काही आठवडे आधी काढलं तर निम्म्याहून कमी. रेलकार्ड घ्या, एक-तृतीयांश वाचतात. २५ डिसेंबरला ट्रेन, ट्यूब, लंडनची बस, काहीही चालत नाही. त्या दिवशी विमान उतरणार असेल तर टॅक्सी आधीच ठरवा.

१४. मुलांना कुठल्या इयत्तेत घालायचं?

सोपं सूत्र: अमेरिकन ग्रेड अधिक एक. किंडरगार्टनचं मूल इथे इयर १ मध्ये जातं, चौथीचं इयर ५ मध्ये. शाळा वयावरूनच ठरवते, "हुशार आहे, एक वर्ष पुढे घ्या" हे चालत नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा जन्माचा हिशोब.

सरकारी शाळेत प्रवेश बहुतेक ठिकाणी कौन्सिलमार्फत होतो आणि त्यासाठी पत्ता लागतो, म्हणजे पुन्हा प्रश्न ३. वर्षाच्या मध्ये आलात तर चांगल्या शाळेत जागा नसते. कौन्सिल दुसरी देते आणि तुम्ही पहिलीच्या प्रतीक्षायादीत नाव ठेवता. आधी शाळा बघून मग तिच्याजवळ घर घेणारे शहाणे.

खरी अडचण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची. इयर १० आणि ११ हा जीसीएसई या शालेय परीक्षेचा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्याच्या मध्ये मूल टाकू नका आणि मधून काढूही नका. अशांसाठी लंडन आणि सरेमधल्या अमेरिकन शाळा बऱ्या, पण फी भरमसाट आणि जानेवारी २०२५ पासून तिच्यावर २० टक्के व्हॅट.

शाळा चालू असताना भारतात लग्नाला जायचंय? मुख्याध्यापक सहसा रजा देत नाहीत. न विचारता गेलात तर दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, २१ दिवसांत न भरल्यास १६०. दिवाळीच्या एका दिवसाला मात्र बहुतेक शाळा धार्मिक सुट्टी म्हणून हरकत घेत नाहीत.

१५. किराणा, आणि रविवारी दुकानं बंद असतात म्हणे?

बंद नाहीत, पण मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, बहुधा ११ ते ५ किंवा १० ते ४. हा १९९४ चा कायदा. छोट्या दुकानांना तो लागू नाही. अंडी फ्रीजबाहेर, शेल्फवर ठेवलेली दिसतील. घाबरू नका, इथे ती धुतलेली नसतात म्हणून बाहेर टिकतात.

वेम्बलीचा ईलिंग रोड, साउथॉल, हाउन्स्लो, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड इथे कढीपत्त्यापासून अळूपर्यंत सगळं मिळतं, पण दुकानदार बहुतेक गुजराती किंवा पंजाबी. पोहे, साबुदाणा, राजगिरा यांची ददात नाही. गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी मात्र पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांकडून मागवावी लागते. भारतातून किंवा अमेरिकेतून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि खवा राहू द्या.

१६. मराठी मंडळी आणि सणवार?

महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, त्याची स्वतःची वास्तू डॉलिस हिलला आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मंडळांपेक्षा किती जुनं, बघा. गणपतीला तिकडे गर्दी असते. पाहुणे आले की त्यांना प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोडवर घेऊन जा. डॉ. आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना तिथे राहिले होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं.

फटाक्यांच्या बाबतीत इंग्लंड उदार आहे. एरवी रात्री ११ नंतर बंदी, पण दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत कायद्यानेच परवानगी. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार आणि चार जुलै मात्र इथे साधे कामाचे दिवस.

१७. आजी-आजोबांना बोलवायचंय. त्यांच्या आजारपणाचं काय?

अमेरिकन पासपोर्ट असेल तर ईटीए पुरेल, भारतीय असेल तर व्हिजिटर व्हिसा, मग ग्रीन कार्ड असो वा नसो. दोघांनाही एनएचएसचा मोफत हक्क नाही. इमर्जन्सी विभागात तपासणं फुकट असतं, पण वॉर्डात दाखल केलं की एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट बिल येतं. मेडिकेअर अमेरिकेबाहेर चालत नाही असंच धरून चला. जुने आजार धरणारा प्रवास विमा घेतल्याशिवाय विमानात बसवू नका.

१८. इथे पगारातून कर कापला जातो. तरी अमेरिकेत रिटर्न भरायचं?

हो, दर वर्षी. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले दोघांनीही. बहुतेकदा इथला कर जास्त असल्यामुळे फॉरेन टॅक्स क्रेडिट घेतल्यावर पगारावर तिकडे देणं उरत नाही, पण फॉर्म भरावाच लागतो. परदेशात राहणाऱ्यांना मुदत १५ जूनपर्यंत आपोआप वाढते. देणं असेल तर व्याज मात्र एप्रिलपासून लागतं. इथलं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, त्यामुळे पगाराच्या पावत्या महिनावार जपा.

एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकन फॉर्म, वेगळा. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरवर गेली तरी तो भरायचा. "सगळ्या" म्हणजे इथलं खातं, पुण्यातलं एनआरओ, आणि सही करायचा हक्क असलेलं आईचं संयुक्त खातंही.

सोशल सिक्युरिटी दोन्हीकडे कापू नये म्हणून करार आहे. अमेरिकन कंपनीने पाच वर्षांपर्यंत पाठवलं असेल तर ती सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढते आणि इथला नॅशनल इन्शुरन्स वाचतो. राज्याचा करही तपासा. कॅलिफोर्निया तर परदेशी पगारावरची फेडरल सूट मानतच नाही.

१९. इथले सहकारी आयएसएमध्ये (इथल्या बचत-गुंतवणुकीच्या खात्यात) पैसे टाका म्हणतात. टाकू?

नको. इथे ते करमुक्त, अमेरिकेसाठी मात्र साधं करपात्र खातं. त्यात इथले म्युच्युअल फंड घेतले की परदेशी फंडांसाठीच्या अमेरिकन फॉर्म ८६२१ चं लफडं मागे लागतं, आणि नफ्यापेक्षा सीएची फी जास्त होते. भारतातल्या फंडांनाही हाच नियम. बचत अमेरिकन ब्रोकरकडेच राहू द्या.

अमेरिका-भारतातल्या व्याजावर इथे कर लागतो का, हा जोडप्रश्न. याआधीची सलग दहा वर्षं तुम्ही ब्रिटनचे कर-रहिवासी नसाल, तर एप्रिल २०२५ पासूनच्या नियमांत पहिली चार वर्षं बाहेरच्या उत्पन्नावर सूट मागता येते. पण ती मागितली की १२,५७० पौंडांची साधी करमुक्त मर्यादा जाते. व्याज थोडं असेल तर सूट न मागणंच फायद्याचं.

२०. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. दोन वर्षं बाहेर राहिले तर?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सलग एक वर्ष बाहेर राहिलात तर कार्डावर परत प्रवेश मिळेलच असं नाही. मध्ये सुट्टीत आठ दिवस जाऊन आलं की झालं, हा समज चुकीचा आहे. मुक्काम खरोखर कुठे आहे हे अधिकारी बघतात. उपाय: निघण्याआधी फॉर्म आय-१३१ भरून री-एंट्री परमिट मागा. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असलंच पाहिजे, आणि बोटांचे ठसेही तिकडेच. परमिट साधारण दोन वर्षांचं असतं.

त्याने कार्ड वाचतं, नागरिकत्वाचं घड्याळ नाही. सहा महिन्यांहून लांब गैरहजेरी त्या गणतीत अडचण करते. अमेरिकन कंपनीच पाठवत असेल तर एन-४७० फॉर्म (नागरिकत्वासाठीचं वास्तव्य टिकवणारा) लागू होतो का ते वकिलाला विचारा. नागरिकत्वाची मुलाखत दोन-चार महिन्यांवर असेल तर आमचं स्पष्ट मत: बदली पुढे ढकला.

२१. इथे मतदान करता येतं का?

अमेरिकन नागरिकाला इथे नाही. तिकडचं मतदान शेवटच्या पत्त्याच्या राज्यातून टपालाने, काही राज्यांत ईमेलनेही करता येतं, त्यासाठी दर वर्षी नवा अर्ज करा. पण भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन आलेल्या जोडीदाराला ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीतही मत आहे, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे एका घरात अमेरिकन नवरा बाहेर उभा आणि बायको मतपेटीपाशी. कौन्सिलकडून नोंदणीचं पत्र आलं तर "आपलं नसेल" म्हणून टाकून देऊ नका.

२२. इथे बाळ झालं तर ते ब्रिटिश का?

नाही. १९८३ पासून नुसता इथे जन्म पुरत नाही. आई किंवा वडील ब्रिटिश किंवा इथे कायमचे स्थायिक असावे लागतात. तात्पुरत्या व्हिसावर तुम्ही स्थायिक नाही. एक पालक अमेरिकन नागरिक असेल आणि तो अमेरिकेत पुरेशी वर्षं राहिलेला असेल, तर नाइन एल्म्सच्या अमेरिकन दूतावासात जन्माची नोंद आणि पासपोर्ट एकाच भेटीत होतात. त्या वर्षांचे पुरावे, म्हणजे शाळेचे दाखले, डब्ल्यू-२, जुने पासपोर्ट, अमेरिकेतल्या तिजोरीत न ठेवता सोबत आणा.

दोघेही ग्रीन कार्डवाले असाल तर बाळ अमेरिकन नसतं. जन्माची नोंद भारतीय उच्चायुक्तालयात करून त्याचा भारतीय पासपोर्ट काढा, आणि तेही एका वर्षाच्या आत. अमेरिकेत परत नेण्याची तरतूद आहे, पण ती दोन वर्षांच्या आतल्या बाळाला, आईबरोबर किंवा वडिलांबरोबर, आणि बाळाच्या जन्मानंतर त्या पालकाच्या पहिल्याच परतीला लागू होते. म्हणून तो प्रवास कोण आणि कधी करणार हे बाळंतपणाआधीच ठरवा, आणि तोवर प्रश्न २० मधलं परमिट संपत नाही ना ते बघा.